खुब्याच्या ऑपरेशननंतर आजींना कुठे न्यायचं? सिस्टरांच्या संस्था आणि मधली पायरी

खुब्याचं हाड मोडलं, सळई बसली, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या, फिजिओ चालू ठेवा." इथपर्यंतची वाट इंदूरच्या बहुतेक घरांना ठाऊक असते. पुढची नसते. रामबागेतल्या जुन्या घराचा जिना अरुंद, संडास देशी, मुलगा पुण्यात, सून नोकरीला, आणि आजोबा स्वतःच ऐंशीच्या पुढचे. अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं, "सिस्टरांकडे ठेवा, फार मायेनं करतात." सिस्टर म्हणजे कॅथलिक नन, आणि त्या मायेनं करतात हे खरं आहे. पण आजींना या घडीला मायेइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची गरज असते. ती त्या जागी मिळते का, हे आधी विचारावं लागतं.

म्हाताऱ्या माणसाच्या देखभालीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली हॉस्पिटल. तिथे ऑपरेशन होतं, सलाईन लागतं, डॉक्टर चोवीस तास असतात. तिसरी वृद्धाश्रम किंवा निवास. तिथे जेवण, राहणं, सोबत आणि वेळच्या वेळी गोळ्या मिळतात. या दोन्हींच्या मध्ये एक पायरी आहे. तिथे डॉक्टर रोज उशाशी नको असतो, पण शिकलेली नर्स रात्रंदिवस हवी असते. जखमेचं ड्रेसिंग, नाकातली राईल्स ट्यूब (पोटात अन्न सोडायची नळी), युरीन कॅथेटर (लघवीची नळी), इन्सुलिन, गिळण्याची तपासणी आणि रोजचा व्यायाम ही तिथली कामं. अमेरिकेत हिलाच 'स्किल्ड नर्सिंग' म्हणतात, आणि तिथे स्थायिक झालेली मुलं फोनवर हाच शब्द वापरतात. तिथल्या मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विमा योजनेत सलग तीन दिवस हॉस्पिटलात दाखल राहिलेल्या वृद्धाला अशा केंद्राचे १०० दिवसांपर्यंतचे पैसे मिळू शकतात. पहिले २० दिवस पूर्ण मिळतात, त्यानंतर रोजचा काही वाटा रुग्णाला भरावा लागतो. तिथली कॅथलिक केंद्रंही याच नियमांत चालतात.

आपल्याकडे ही मधली पायरी फार तोकडी आहे, आणि पैशाच्या बाजूनं तर जवळपास नाहीच. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण मिळतं. ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, आणि डिस्चार्जनंतरचा खर्च त्यात १५ दिवसांपुरता धरला जातो. खाजगी मेडिक्लेमची पॉलिसी उघडा आणि अपवादांच्या यादीत पाचव्या क्रमांकाचा कोड वाचा. विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती देखभाल तिथे वगळलेली असते. अंघोळ, कपडे, चालणं यांतली मदत नोंदणीकृत नर्सनं केली तरी ती याच अपवादात मोडते. म्हणून खर्चाचा हिशेब डिस्चार्जच्या दिवशी नको, ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी करायला बसा.

कॅथलिक संस्थांची परंपरा इथे थोडी समजून घ्यायला हवी, कारण नेमका गोंधळ तिथेच होतो. १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या ब्रिटनी भागात जान ज्यूगां नावाच्या बाईनं एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला आपल्या घरी आणलं आणि स्वतःची खाट दिली. त्यातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा संघ उभा राहिला. १८८२ मध्ये या सिस्टर कोलकात्यात आल्या. या वाटेचं मूळ घर देण्यात आहे: निराधार म्हाताऱ्याला घर, जेवण आणि मान. दुसरी वाट हॉस्पिटलची. कॅमिलस द लेलिस या संतानं सोळाव्या शतकात रुग्णसेवेसाठीच एक संघ काढला. जीव धोक्यात आला तरी आजाऱ्याला सोडणार नाही, असं, नेहमीच्या तीन व्रतांखेरीज, चौथं व्रत त्या संघाचे लोक घेतात. भारतात सिस्टर मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर-नननं गुंटूरमध्ये काम करताना १९४३ साली कॅथलिक हॉस्पिटलांची संघटना उभी केली. ती आजही काम करते आहे.

एका वाटेनं वृद्धाश्रम आले, दुसरीनं हॉस्पिटलं. दोन्ही उत्तम, पण आपल्या आजी आत्ता दोन्हींच्या मध्ये आहेत.

त्यात भर शब्दाची. आपण नर्सला 'सिस्टर' म्हणतो ते या ननांमुळेच. दवाखान्यात आधी त्याच होत्या. पण प्रत्येक नन नर्स नसते. एखाद्या आश्रमात सहा सिस्टर असतील, तर त्यांतली एखादी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली असेल, एक स्वयंपाकघर पाहत असेल, एक हिशेब, एक बाग. रात्री दोन वाजता आजींना ताप भरला तर उठून येणारी सिस्टर कोण, हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. नेमका असा विचारा: "रात्रपाळीला नोंदणी असलेली नर्स हजर असते का, की बोलावल्यावर येते?" जीएनएम हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, एएनएम, म्हणजे सहायक नर्स-दाईचा, दोन वर्षांचा. मध्य प्रदेशात या सगळ्यांची नोंदणी भोपाळच्या नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलकडे असते. बाई किंवा अटेंडंट वेगळी. ती कितीही प्रेमळ असली तरी तिनं ट्यूब बदलायची नसते. संस्था स्वतःला नर्सिंग होम म्हणवत असेल, तर १९७३ च्या राज्य कायद्याखालची तिची नोंदणी जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्याकडे असते आणि प्रमाणपत्र साधारण भिंतीवर लावलेलं असतं. वृद्धाश्रमाकडे ते नसेल तर त्यात काही गैर नाही. फक्त तिथून नर्सिंगची अपेक्षा करू नका.

आता घाई का करायची ते पाहू. निरोगी वृद्ध माणसाला दहा दिवस नुसतं खाटेवर ठेवलं तर पायांच्या स्नायूंतलं जवळपास एक किलो वजन झडतं. आजारी माणसाचं याहून लवकर झडतं. "आराम करू द्या, वय झालंय" हे आपल्या घरांतलं सर्वात मायेचं आणि सर्वात महागात पडणारं वाक्य आहे. सर्जननं मना केलेलं नसेल तर खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी आधारानं उभं करतात. पक्षाघातात सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वात जास्त असतो. फिजिओ रोज अर्धा तास येतो आणि उरलेले साडेतेवीस तास आजी आडव्या असतात, अशानं काही साधत नाही. चांगल्या केंद्रात फिजिओनं शिकवलेली गोष्ट दिवसभर प्रत्येक हालचालीत वापरली जाते: जेवायला खुर्चीत, संडासला चालत, दुपारी व्हरांड्यात. सिस्टरांच्या संस्थेत चॅपलपर्यंतचा रोजचा फेरा हाच उत्तम व्यायाम होऊ शकतो. वॉकर घेऊन मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचं आणि परत यायचं, तेही रोज ठरल्या वेळी. आजी ख्रिस्ती नसतील तर तेच अंतर बागेपर्यंत.

खाटेवरून खुर्चीत घेण्याची रीत घरच्या प्रत्येकाला यायला हवी. खुर्ची चांगल्या बाजूला, खाटेला थोडी तिरकी लावा. चाकं असतील तर ब्रेक घाला. आधी आजींना खाटेच्या कडेला पाय टेकवून दोन मिनिटं बसवा. रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते ती बहुधा याच क्षणी. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला, तर गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागतं. मग पाय थोडे मागे, अंगाखाली घ्यायला सांगा, पुढे वाकायला सांगा, इतकं की नाक पायाच्या बोटांवर यावं, आणि उठवा. पक्षाघाताच्या माणसाला लुळ्या हाताला धरून किंवा बगलेत हात घालून कधीही ओढू नका. खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, तो निखळतो, आणि मग महिनोन्महिने ती माणसं त्या दुखण्यामुळेच व्यायाम टाळतात. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि त्याला धरा.

वॉकरची उंची दुकानदार अंदाजानं लावून देतो. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची रेघ जिथे येते तिथे मूठ यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर जरासं वाकतं. वॉकर उंच असेल तर खांदे वर चढतात, ठेंगणा असेल तर आजी वाकून चालतात आणि पुढे पडतात. जिन्याचा नियम सोपा: वर जाताना चांगला पाय आधी, खाली उतरताना दुखरा पाय आधी. सांधाच बदलला असेल आणि ऑपरेशन मागच्या बाजूनं केलं असेल, तर सर्जन सांगेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते बारा आठवडे, मांडी पोटाकडे ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. पाटावर बसून देवपूजा आणि खाली बसून भाजी निवडणं या काळात बंद. ही गोष्ट आजींना आधीच समजावली नाही तर चौथ्या दिवशी त्या गुपचूप पाटावर बसलेल्या दिसतील.

खाटेवरच्या जखमा हे नर्सिंगचं खरं प्रगतिपुस्तक. माकडहाड, टाचा, खुब्याची बाहेरची बाजू या जागा रोज उजेडात पाहायच्या. लाल डाग बोटानं दाबला आणि बोट काढल्यावर पांढरा झाला नाही, तर जखमेची सुरुवात झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून ऊब, घट्टपणा पाहावा. कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण कुशीवर नव्हे, पाठीमागे उशी देऊन ३० अंशांपर्यंत कलती. पोटरीखाली उशी अशी द्यायची की टाचा अधांतरी राहतील. तीन चुका सर्रास होतात. लाल जागेवर तेल लावून चोळतात, त्यानं आतल्या बारीक रक्तवाहिन्या फाटतात. मध्ये भोक असलेली गोल रबरी गादी देतात, तिच्या कडांनी रक्तपुरवठा अजूनच तुटतो. आणि एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं सोडून देतात. एअर बेड वेळ थोडा वाढवून देतो, कूस बदलण्याचं काम तो करत नाही. डोक्याकडची बाजू उंच करून तासन्‌तास बसवलं तर शरीर खाली घसरतं आणि माकडहाडाची कातडी आतून ताणली जाते.

संस्था बघायला जाल तेव्हा वहीत कूस बदलल्याच्या वेळा लिहिल्यात का ते पाहा. सकाळी सहापासून रात्रीपर्यंत सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच वळणाच्या अक्षरात असतील, तर त्या एकदम बसून भरलेल्या आहेत.

गिळणं हा विषय याहूनही दुर्लक्षित आहे. पक्षाघातानंतर अनेकांचं गिळणं बिघडतं, आणि सर्वात धोक्याचं असतं ते पाणी. पातळ पदार्थ घशातून इतका झटकन खाली जातो की श्वासनलिका वेळेत बंद होत नाही. घोट घेतल्यावर खोकला, आवाज घोगरा-ओला होणं, जेवण लांबणं, पुन्हा पुन्हा ताप येणं ही लक्षणं. कधी खोकलाही येत नाही, घास सरळ फुफ्फुसात जातो. इंदुरी नाश्ता अशा माणसासाठी नेमका उलटा आहे: पोहे सुट्टे, वर शेव कुरकुरीत, सोबत पातळ चहा. कोरडं, भुरभुरीत आणि पातळ, तिन्ही एकदम. त्याऐवजी दाट आणि एकसारखा पदार्थ द्या: घोटलेला मऊ वरणभात, रव्याची दाट खीर, घुसळलेलं घट्ट दही. पाणी-चहा किती दाट करायचा हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टनं ठरवायचं असतं. भरवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. राईल्स ट्यूब असेल तर डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवा, आणि ट्यूब जागेवर आहे याची खात्री नर्सनं केल्याशिवाय काहीही सोडू नका.

जेवणाचं प्रमाणही मोजा. जखम भरणाऱ्या वृद्धाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या आजींना ६० ते ७५ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच, अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. साबुदाण्याची खिचडी आणि मुगाच्या डाळीचं पाणी यांवर हा आकडा गाठता येत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

लघवीच्या नळीबद्दल एकच आग्रह धरा: रोज विचारा, "ही अजून का आहे?" कारण सांगता येत नसेल तर ती निघायला हवी. ती असेपर्यंत पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. डायपर ही सोय आहे, पण दर दोन-तीन तासांनी कमोडवर बसवण्याच्या ऐवजी तो लावला, तर चालता येणारं माणूसही महिन्याभरात सवय विसरतं.

प्रगती शब्दांत विचारू नका. "बरं आहे, सुधारतंय" यावर कुणाचंच बोट ठेवता येत नाही. बार्थेल इंडेक्स विचारा. १९६५ पासून वापरात असलेली ही साधी मोजणी आहे: खाणं, अंघोळ, दाढी-वेणी, कपडे, शौच, लघवी, संडासचा वापर, खाटेवरून खुर्चीत जाणं, चालणं, जिना. एकूण १०० गुण. दाखल करताना लिहून घ्या, दर आठवड्याला पुन्हा विचारा. ३५ वरून ६० झाले तर पैसा आणि कष्ट सार्थकी लागत आहेत. दोन आठवडे आकडा हलला नाही तर कारण शोधा. बहुधा दुखणं पुरेसं आटोक्यात नसतं, मन खचलेलं असतं, किंवा आकडा तपासायलाच कुणी गेलेलं नसतं.

कॅथलिक संस्थेत धर्माचा भाग कुठे येतो, हे ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती दोघांनीही जाणून घ्यावं. रुग्णाभ्यंग म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार. "फादर तेल लावायला आले म्हणजे आता संपलं," असा समज अजूनही घट्ट आहे, आणि त्या भीतीनं घरचे लोक फादरांना बोलावायलाच उशीर करतात. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं हे स्पष्ट बदललं. हा संस्कार केवळ मरणाच्या दारातल्या माणसासाठी नाही. मोठ्या ऑपरेशनआधी घेता येतो, नुसत्या वार्धक्यानं खचलेल्या माणसाला घेता येतो, आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. कपाळ आणि तळहातांवर तेल लावतात. तो सहसा कॅथलिकांसाठीच असतो आणि मागितल्यावर दिला जातो. हिंदू आजींना खोलीत दत्ताचा फोटो आणि संध्याकाळचा रामरक्षेचा पाठ हवा असेल, तर दाखल करतानाच मोकळेपणानं विचारा. हो की नाही, ते तेव्हाच समजलेलं बरं.

गिळण्याचा त्रास असलेल्या कॅथलिक रुग्णासाठी एक गोष्ट नर्स आणि फादर दोघांनाही माहीत असायला हवी. मिस्सेत ख्रिस्तप्रसाद म्हणून मिळणारी कोरडी पवित्र भाकर टाळूला चिकटते आणि घशात अडकते. चर्चच्या कायद्यात अशा गरजेच्या वेळी फक्त द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देता येतो. पण जिथे पातळ पदार्थच धोक्याचा, तिथे अगदी छोटा तुकडा आणि ठरवून दिलेलं दाट पाणी, असं नर्सशी बोलून ठरवावं. तसंच, ख्रिस्तप्रसादाआधी एक तास उपाशी राहण्याचा नियम वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना लागू नाही. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) यांचा उपास साठाव्या वर्षात पाऊल ठेवल्यावर बंधनकारक राहत नाही. इन्सुलिन घेऊन उपाशी राहणाऱ्या आजींना हे फादरांच्या तोंडून ऐकवा, त्या मुलाचं ऐकत नाहीत.

शेवटच्या आजाराचं बोलणंही दाखल करतानाच करावं. कॅथलिक शिकवणीत मुद्दाम जीव घेणं कधीच मान्य नाही. मात्र ज्याचा त्रास मोठा आणि उपयोग नाही, असा उपचार नाकारणं मान्य आहे, आणि वेदनेसाठी मॉर्फिनसारखं औषध पुरेसं देणंही मान्य आहे. अन्नपाणी, नळीतून असलं तरी, सहसा चालू ठेवलं जातं; शरीर ते घेईनासं झालं किंवा त्यानंच त्रास वाढू लागला तर गोष्ट वेगळी. देशाच्या कायद्यात २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आजींना व्हेंटिलेटर नको असेल तर कागद आत्ताच करा, आणि त्याची एक प्रत संस्थेच्या फाइलमध्ये लावा.

इंदुरात अनेकदा मधली पायरी एका छताखाली मिळत नाही, ती जुळवावी लागते. सिस्टरांच्या निवासात जागा, दिवसातून एकदा येणारी ड्रेसिंगची नर्स, आठवड्यात पाच दिवस फिजिओ, आणि जवळच्या हॉस्पिटलातला एक डॉक्टर जो फोन उचलतो. असं जुळवलंत तर डिस्चार्जच्या आधी नर्स, फिजिओ आणि डॉक्टर या तिघांना एकाच दिवशी आजींच्या खाटेजवळ बोलवा. गोळ्यांची यादी तिथेच मिळवून पाहा. रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी चालू राहिलेली बऱ्याचदा तेव्हा सापडते.

घरीच न्यायचं ठरलं तर सामान डिस्चार्जच्या आदल्या दिवशी यायला हवं. एमवाय हॉस्पिटलजवळच्या दवा बाजारात वॉकर, कमोड चेअर, एअर बेड मिळतात. कमोड चेअर घेताना त्यावर बसून पाहा. पाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि हातांच्या दांड्या हलता कामा नयेत. खाट भिंतीला चिकटवू नका, दोन्ही बाजूंनी माणूस जाता आलं पाहिजे. न्हाणीघरातली तेलकट फरशी घासून घ्या, खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवरच्या सतरंज्या उचला, आणि त्या वाटेवर रात्रभर जळेल असा दिवा लावा.